साहसकादंबरीतली लेखकाची हातचलाखी कशी पकडावी

रसग्रहणाच्या प्रश्नाची शाळेत लागलेली सवय अशी की पुस्तक उघडलं की आपण अलंकार शोधू लागतो. सारखा, समान, सम दिसलं की उपमा, जणू दिसलं की उत्प्रेक्षा. कवितेत ही युक्ती बऱ्यापैकी चालते, पण किशोरांच्या साहसकादंबरीत ती फार लवकर तोंडघशी पाडते. अशा पुस्तकात भाषा मुद्दामच साधी ठेवलेली असते. लेखकाची खरी करामत कोण सांगतंय, काय लपवतंय आणि कुठली वस्तू पुन्हा पुन्हा समोर येतेय यात असते.

उदाहरणाला रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची ‘ट्रेझर आयलंड’ घेते. ती आधी 1881-82 मध्ये मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः आली आणि 1883 मध्ये पुस्तकरूपाने निघाली. खजिना आणि चाचे सगळ्यांना ठाऊक असतात, त्यामुळे गोष्ट समजावण्यात वेळ जात नाही. पण तुम्ही ती वाचली नसेल, तर इथेच थांबा. पुढे मी शेवट फोडणार आहे.

पहिलं वाचन पेन्सिलीशिवाय

पहिल्यांदा नुसती गोष्ट वाचायची. फक्त जिथे छातीत धस्स झालं, हसू आलं किंवा ‘अरे, हा तर फसवतोय’ असं वाटलं, त्या पानात कागदाची चिठ्ठी घालून ठेवायची. चिठ्ठीवर काही लिहू नका. चौतीस प्रकरणांच्या या कादंबरीत माझ्या नऊ चिठ्ठ्या निघाल्या होत्या. दुसऱ्या वाचनात फक्त त्याच जागांवर परतायचं आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा: इथे मला असं का वाटलं? अलंकाराचं नाव त्यानंतर. नाव आधी ठरवून पुरावे शोधायला निघालात, तर ते कुठेही सापडतील.

कोण सांगतंय आणि कधी?

पहिल्याच वाक्यात खजिन्याच्या सफरीवर गेलेला मुलगा जिम हॉकिन्स सांगतो की ही हकिकत तो मागाहून लिहितो आहे, आणि बेटाचा ठावठिकाणा तेवढा सांगणार नाही, कारण खजिन्याचा काही भाग अजून तिथेच आहे. म्हणजे जिम जिवंत परतणार हे आपल्याला पहिल्या पानावरच कळतं. तरी धाकधूक होतेच! प्रथमपुरुषी निवेदनाची ही गंमत वहीत टिपून ठेवा: शेवट माहीत असूनही त्या क्षणी जिमला जेवढं दिसतं, तेवढंच आपल्यालाही दिसतं.

सोळा ते अठरा ही प्रकरणं मात्र सफरीतले त्याचे सोबती डॉक्टर लिव्हसी सांगतात, कारण जिम तेव्हा जहाजावर नव्हता. निवेदक जिथे बदलतो तिथे हटकून थांबा. डॉक्टरांचा सूर कोरडा, नेमका, हिशेबी आहे. तो वाचला की आतापर्यंतचा सूर एका पोराचा होता, हे लक्षात येतं.

पूर्वसूचना उलट्या दिशेने शोधा

पूर्वसूचना, म्हणजे पुढे घडणाऱ्या गोष्टीचा आधीच पेरलेला इशारा, पहिल्या वाचनात दिसलीच, तर लेखकाचं चुकलं असं समजा. म्हणून ती शेवटाकडून मागे जात शोधायची. शेवटी चाचे नकाशा घेऊन जागेवर पोहोचतात तर खड्डा रिकामा. बेटावर तीन वर्षं एकटाच अडकलेल्या बेन गनने खजिना आधीच उकरून आपल्या गुहेत नेऊन ठेवलेला असतो. आता पंधरावं प्रकरण पुन्हा वाचा. पहिल्याच भेटीत बेन गन जिमला सांगतो की मी श्रीमंत आहे, आणि तेच घोकत राहतो. जिमला वाटतं, बिचाऱ्याचं एकटेपणानं डोकं फिरलंय. आपल्यालाही तसंच वाटतं. स्टीव्हन्सनने उत्तर आपल्या हातात दिलं, पण वेड्याच्या तोंडून दिलं, म्हणून आपण ते टाकून दिलं.

पुढे डॉक्टर मुकाट्याने नकाशा चाच्यांना देऊन टाकतात, तेव्हाही आपण बुचकळ्यात पडतो. खजिना सापडेल तेव्हा वादळाला तयार राहा, असा इशाराही ते चाच्यांच्या म्होरक्याला, सिल्व्हरला, देऊन ठेवतात. इतक्या उघड बोललेल्या गोष्टी निसटतात याचं मला दर वाचनात नवल वाटतं.

कोणाला काय माहीत आहे?

नाट्यात्म उपरोध ओळखायला वहीचं पान मधोमध दुमडा. एका बाजूला ‘पात्राला माहीत’, दुसऱ्या बाजूला ‘वाचकाला माहीत’. दोन्ही बाजू जिथे जुळत नाहीत, तिथे उपरोध.

लाँग जॉन सिल्व्हरच्या बाबतीत हे फार छान दिसतं. एक पाय असलेल्या खलाशावर नजर ठेव, असं जिमच्या घरच्या खाणावळीत उतरलेला म्हातारा कप्तान जिमला बजावतो, त्याबद्दल महिन्याला चार पेन्सचं चांदीचं नाणंही कबूल करतो. वादळी रात्री जिमला तो लंगडा स्वप्नात दिसतो, कधी पाय गुडघ्यापासून तुटलेला, कधी कमरेपासून. पुढे ब्रिस्टलच्या खाणावळीत खराखुरा एकपायी सिल्व्हर भेटतो, तेव्हा जिम त्याच्याकडे एकदा पाहतो आणि निर्धास्त होतो. इतका स्वच्छ, हसतमुख माणूस चाचा कसा असेल? इथे पानाच्या दोन्ही बाजू वेगळ्या व्हायला लागतात, कारण आपल्या मनातून कप्तानाचा इशारा गेलेला नसतो.

उपमाही याच जागेची वाचा. सिल्व्हर कुबडीवर पाखरासारखा टुणटुण उड्या मारत फिरतो आणि त्याचा चेहरा हॅमएवढा मोठा आहे, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांडीएवढा. वहीत नुसतं ‘उपमा’ लिहून सोडू नका. पाखरामुळे त्याचं अपंगत्व हलकं, खेळकर वाटू लागतं. हॅममुळे स्वयंपाकघराचा वास येतो, आणि हाच माणूस जहाजावर आचारी होऊन जाणार आहे. भीती घालवायचं काम दोन उपमांनी केलं.

अकराव्या प्रकरणात सफरचंदांच्या पिंपात बसलेला जिम सिल्व्हरचं खरं रूप ऐकतो. त्याला सर्वांत जास्त झोंबतं ते वेगळंच: ज्या गोड शब्दांनी सिल्व्हरने त्याला खुश केलं होतं, तेच शब्द तो आता दुसऱ्या पोराला ऐकवत असतो. आवर्तन हे तंत्र शिकवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

पुन्हा पुन्हा येणारी वस्तू

सिल्व्हरच्या पोपटाचं नाव मेलेल्या चाच्याचं, कॅप्टन फ्लिंट. तो ‘पीसेस ऑफ एट’ ओरडतो, म्हणजे जुनी स्पॅनिश चांदीची नाणी. आधी ते नुसतं मजेशीर वाटतं. पुढे जिम रात्री अंधारात आपल्या माणसांच्या ओढीने बेटावरच्या गढीत शिरतो, तेव्हा हीच किंकाळी त्याला शत्रूच्या तावडीत देते. पुस्तकाचा शेवटही जिमच्या स्वप्नात घुमणाऱ्या याच आवाजावर होतो. आवाज तोच, अर्थ तीन.

मात्र जे जे पुन्हा येतं ते सगळं प्रतीक नसतं. तपासायची पद्धत सोपी आहे: ती वस्तू मनातल्या मनात पुस्तकातून काढून टाका. पोपट काढला तर शेवट मुका होतो, म्हणून तो प्रतीक म्हणून चालेल. बेन गनला तीन वर्षं चीजची स्वप्नं पडतात, आणि डॉक्टरांच्या तपकिरीच्या डबीत नेमका पार्मेझानचा तुकडा निघतो. माझ्या भाचीने वहीत लिहिलं होतं, ‘चीज = स्वातंत्र्याचं प्रतीक’. मी ते खोडून शेजारी ‘भूक’ लिहिलं.