घरगुती विजेमागील कार्बन डायऑक्साइडचा अंदाज कसा काढावा

वर्षभरात वापरलेल्या युनिटांची संख्या योग्य उत्सर्जन गुणांकाने (म्हणजे एका युनिटमागे किती किलो कार्बन डायऑक्साइड निघतो त्या आकड्याने) गुणली की घरातील विजेमुळे किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला याचा अंदाज मिळतो. गुणाकार अवघड नाही. खरा कस लागतो तो गुणांक निवडताना आणि हिशेबात काय धरायचे व काय वगळायचे हे ठरवताना.

प्रथम युनिटांचा आकडा पक्का करावा. एका महिन्याच्या बिलावरून वर्षाचा अंदाज बांधू नये, कारण एप्रिल-मे महिन्यांतील वापर आणि डिसेंबरमधील वापर यांत मोठी तफावत असते. रीडिंग न घेता सरासरीने बिल आकारले गेले असेल, तर महिन्यांची बेरीजही फसवते. त्यापेक्षा या महिन्याच्या बिलावरील चालू रीडिंगमधून गेल्या वर्षी याच महिन्यात असलेले रीडिंग वजा करावे. मधल्या काळात मीटर बदललेला असल्यास जुन्या व नव्या मीटरवरील वापर वेगवेगळा काढून त्यांची बेरीज घ्यावी. बिलाच्या रकमेवरून मात्र युनिटांचा अंदाज करू नये. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि टप्प्याटप्प्याने वाढणारे दर यांमुळे रुपये आणि युनिट यांचे प्रमाण सरळ राहत नाही. सोसायटीत राहणाऱ्यांनी लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिवे यांच्या सामाईक मीटरचा आपल्या वाट्याचा हिस्साही त्यात मिळवावा.

यानंतर गुणांकाकडे वळावे. केंद्रीय विद्युत प्राधिकरण भारतीय वीजक्षेत्राच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनाची आकडेवारी वेळोवेळी प्रसिद्ध करते. तीनुसार नवीकरणीय ऊर्जा धरून देशाचा सरासरी गुणांक २०२२-२३ साठी युनिटमागे ०.७१६ किलो आणि २०२३-२४ साठी ०.७२७ किलो होता.

हा आकडा केवळ विश्वासावर स्वीकारण्याची गरज नाही, कारण तो स्थूलमानाने स्वतः पडताळून पाहता येतो. कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्राला एक युनिट निर्माण करण्यासाठी सुमारे २,४०० किलोकॅलरी, म्हणजे साधारण १० मेगाज्यूल उष्णता लागते असे धरू. भारतीय कोळशाच्या किलोमागे ३,६०० किलोकॅलरी उष्णता मिळत असेल, तर एका युनिटसाठी जवळपास ६७० ग्रॅम कोळसा जळतो. एक मेगाज्यूल उष्णतेमागे या कोळशातून सुमारे ९० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे युनिटमागे ९०० ग्रॅम झाले. परंतु केंद्राचे पंप, पंखे आणि कोळसा दळण्याच्या गिरण्या यांतच तयार विजेपैकी सुमारे ७ टक्के खर्ची पडते, म्हणून बाहेर पडणाऱ्या युनिटमागील आकडा ९०० भागिले ०.९३, म्हणजे ९७० ग्रॅमच्या आसपास जातो. देशातील सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशापासून बनते आणि उरलेल्या विजेतील बहुतांश भाग जल, अणू, वारा व सूर्य यांचा आहे, ज्यांच्या निर्मितीत इंधन जाळून कार्बन डायऑक्साइड निघत नाही. ०.९७ ला ०.७५ ने गुणल्यास ०.७३ येते. प्राधिकरणाचा आकडा याच्या अगदी जवळ आहे.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. कोयनेच्या परिसरात राहणारा म्हणेल की आमची वीज तर पाण्यावरची. गोव्यातील वाचक म्हणेल की आमच्याकडे कोळशाचे केंद्रच नाही. आणि चंद्रपूरकराला वाटेल की २,९२० मेगावॉटच्या महाऔष्णिक केंद्राशेजारी राहिल्याने आपलाच आकडा सर्वांत मोठा असणार. तिघांचेही म्हणणे हिशेबात बसत नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्ही वाहिनी सुरू होऊन दक्षिणेचे ग्रिड उर्वरित देशाशी जोडले गेले, तेव्हापासून भारतभर एकच समकालिक ग्रिड, म्हणजे एकाच लयीत चालणारे वीजवाहिन्यांचे सलग जाळे आहे. कोणत्या केंद्राची वीज कोणत्या घरात पोहोचली हे वेगळे काढणे शक्य नसल्यामुळे सर्वांसाठी देशाचा सरासरी गुणांक वापरणेच रास्त ठरते.

वरील गुणांक वीज केंद्रातून ग्रिडमध्ये सोडलेल्या युनिटचा आहे, तर घरचा मीटर आपल्यापर्यंत पोहोचलेले युनिट मोजतो; मधली गळती जमेस धरायची असेल तर गुणांकाला पोहोचणाऱ्या हिश्श्याने भागावे. उदाहरणादाखल गळती १५ टक्के मानली, तर ०.७२७ भागिले ०.८५, म्हणजे ०.८५५ किलो येते. यासाठी वितरण कंपन्यांच्या अहवालातील ‘एकूण तांत्रिक व वाणिज्यिक हानी’चा आकडा उचलू नये, त्यात थकबाकीही मिसळलेली असते आणि बिल न भरल्याने कोळसा जास्त जळत नाही. वर्षाला २,४०० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाचा हिशेब गळतीशिवाय सुमारे १,७४५ किलो आणि गळतीसह सुमारे २,०५० किलो होतो. दोन्हींपैकी कोणताही आकडा द्यावा, मात्र कोणता दिला हे लिहावे.

छतावर सौर पॅनेल असल्यास नेट मीटरच्या बिलावर आयात (ग्रिडकडून घेतलेले) आणि निर्यात (ग्रिडला दिलेले) युनिट वेगळे दिलेले असतात. उत्सर्जनासाठी आयात युनिट गुणावेत आणि निर्यातीमुळे टळलेले उत्सर्जन स्वतंत्र ओळीत दाखवावे. दोहोंची वजाबाकी करून फक्त शून्य लिहिले, तर रात्रीच्या वेळी ग्रिडवर असलेला आपला भार दिसेनासा होतो. सोसायटीचा जनरेटर चालत असेल, तर डिझेलच्या लिटरमागे सुमारे २.७ किलो धरावे.

स्वयंपाकाच्या गॅसचा हिशेब याहून सरळ आहे. एलपीजीच्या किलोमागे सुमारे ३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यामुळे १४.२ किलोच्या एका सिलिंडरमागे ४२ किलो धरावेत. वर्षाला आठ सिलिंडर लागत असतील तर ते ३४० किलोच्या आसपास होतात, म्हणजे वरच्या कुटुंबाच्या विजेच्या साधारण पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतके. गॅस सोडून इंडक्शन शेगडी घेतल्यास उत्सर्जन घटते असे सरसकट मानले जाते, पण आजच्या ग्रिडवर गणित उलटे येते. एक किलो एलपीजीत सुमारे ४७ मेगाज्यूल ऊर्जा असते. त्यातील ६० टक्के भांड्यात उतरली तर तेवढ्या कामासाठी ८५ टक्के कार्यक्षमतेच्या इंडक्शनला ९ युनिटांहून थोडी अधिक वीज लागेल, आणि तिच्यामागे गळती न धरताही साडेसहा किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड निघेल. गॅसचे मात्र ३ किलोच. घरातील हवा, सोय किंवा खर्च या दृष्टीने इंडक्शन घेण्याची कारणे वेगळी असू शकतात.

एखादे उपकरण बदलण्यापूर्वी त्याच्यावरील तारांकित लेबल पाहावे. फ्रिजच्या लेबलवर वर्षाचे युनिट थेट लिहिलेले असतात. एअर कंडिशनरवरील आकडा मात्र वर्षाला १,६०० तास वापर गृहीत धरून काढलेला असल्याने आपल्या तासांच्या प्रमाणात तो कमी-जास्त करून घ्यावा. बचतीतून टळणाऱ्या उत्सर्जनासाठी सरासरी गुणांक थोडा तोकडा पडतो, कारण मागणी घटल्यावर सहसा पवनचक्की नव्हे तर कोळशाचा संच मंदावतो. अशा वेळी कोळशाचा ०.९७ च्या आसपासचा गुणांक वापरणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

हिशेबाशेजारी गुणांकाचे वर्ष नोंदवून ठेवावे. पुढील वर्षीच्या आकड्याशी तुलना करताना फरक आपल्या वापरामुळे पडला की ग्रिड बदलल्यामुळे, हे त्याशिवाय वेगळे काढता येणार नाही.