ड्रिल-ग्राइंडर घेताना ‘मेड इन’ किती मनावर घ्यावे

पुण्यात रविवार पेठेतील बोहरी आळीत किंवा भवानी पेठेतील टिंबर मार्केटच्या परिसरात ग्राइंडर पाहायला गेलेले गिऱ्हाईक खोके हातात येताच ते उलटे करते आणि बारीक अक्षरांतले देशाचे नाव शोधते. ‘मेड इन चायना’ दिसले की त्याचा चेहरा उतरतो आणि दुकानदार ‘साहेब, टेक्नॉलॉजी जर्मन आहे’ असे सांगून मोकळा होतो. या दोन्हींवरून मालाची प्रत कळत नाही. कंपनीने कारखान्याला कोणत्या किमतीत, कोणते सुटे भाग वापरून आणि कोणत्या तपासण्या करून यंत्र बनवायला सांगितले, यावर ती ठरते. देशाचा विचार त्यानंतर करावा.

नामांकित कंपन्यांची मुख्यालये एका देशात आणि कारखाने चार देशांत, अशी आजची स्थिती आहे. बॉशचा पॉवर टूल विभाग जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या लाइनफेल्डेन येथून चालतो, पण त्याची यंत्रे हंगेरी, मलेशियातील पेनांग, चीनमधील हांगझोऊ आणि आपल्याकडे चेन्नईजवळच्या ओरगडम येथेही तयार होतात. जपानी मकिटाचे मुख्यालय आंजो शहरात असले, तरी तिचे कारखाने चीनमधील कुनशान, रुमानिया आणि थायलंड येथेही आहेत. अमेरिकी म्हणून ओळखली जाणारी मिलवॉकी २००५ पासून हाँगकाँगच्या टेकट्रॉनिक इंडस्ट्रीजच्या मालकीची आहे. डिवॉल्टच्या अमेरिकेत जोडलेल्या यंत्रांवर तर ‘जगभरच्या साहित्यासह अमेरिकेत तयार’ अशा अर्थाची ओळ असते, कारण आतले भाग बाहेरून आलेले असतात. अस्सल देशी माल हवा असेल त्याला फार लांब जावे लागत नाही: १९७६ साली स्थापन झालेली कुलकर्णी पॉवर टूल्स, म्हणजे आजची केपीटी, कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळची आहे.

चीनमधून येणाऱ्या मालाचे ढोबळमानाने दोन प्रकार करता येतात. पहिला प्रकार कंपनीच्या स्वतःच्या कारखान्यातला. तेथे ड्रॉइंग, साचे आणि चाचण्या मूळ कंपनीच्याच असतात, त्यामुळे मलेशियातले बॉश घ्यावे की चीनमधले, यावर डोके शिणवण्यात अर्थ नाही. दुसरा प्रकार कंत्राटी कारखान्यातला; तेथे एकाच साच्यातून निघालेले ग्राइंडर रंग आणि नाव बदलून अनेक व्यापाऱ्यांना दिले जातात, आणि प्रत्येक व्यापारी आपल्या भावात बसेल तेवढाच खर्च आत करायला सांगतो. ही काटकसर नेमकी न दिसणाऱ्या जागी होते. बेअरिंग हलके बसते, मोटारच्या वायंडिंगमध्ये (तारेच्या गुंडाळीत) निव्वळ तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम येते, गिअरचे हीट ट्रीटमेंट (तापवून कठीण करणे) अर्धवट राहते आणि धूळ अडवणारे सील गाळले जाते. काउंटरवर असे यंत्र झकास फिरते, पण भिंतीला खाचा पाडण्याच्या कामाला लावले की सिमेंटची धूळ बेअरिंगमध्ये शिरते आणि थोड्याच दिवसांत आवाज बदलतो.

एकाच कंपनीच्या दोन श्रेणींमधला फरक मात्र गिऱ्हाईक हमखास विसरते. बॉशचा निळा रंग व्यावसायिक कामासाठी आणि हिरवा घरगुती कामासाठी असतो. पडद्याचे ब्रॅकेट बसवण्यापुरते ड्रिल हवे असेल, तर हिरवे पुष्कळ झाले. भोसरीतल्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये दिवसभर चालवायचे असेल, तर ते कुठल्याही देशातले असो, टिकणार नाही.

दुकानात खोके हाती आले की प्रथम लेबल नीट वाचावे. २०११ च्या वैधमापन (पॅकबंद वस्तू) नियमांनुसार आयात मालावर मूळ देश, आयातदाराचे नाव व पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे बंधनकारक आहे. यांतले काहीही नसेल, तर त्या यंत्राची जबाबदारी भारतात कोणी घेतलेली नाही असे समजून ते खाली ठेवावे. नंतर खोक्यावरचा अनुक्रमांक यंत्राच्या नेमप्लेटवरील क्रमांकाशी ताडून पाहावा. नेमप्लेटवर चौकोनात चौकोन असे चिन्ह असेल, तर यंत्राला दुहेरी इन्सुलेशन आहे. अशा यंत्राला दोनच पिनांचा प्लग असतो, त्यामुळे ‘अर्थिंगची पिन वाचवली’ म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालण्याचे कारण नाही. वॉटच्या आकड्यानेही भुलून जाऊ नये, कारण तो यंत्र किती वीज ओढते हे सांगतो, काम किती होते हे नाही. हॅमर, म्हणजे ठोके देत भोक पाडणारे ड्रिल, घेताना ठोक्याची ताकद किती जूल आहे ते विचारावे; बॉशच्या सुपरिचित २-२६ हॅमरची ती २.७ जूल आहे, आणि तशाच घडणीच्या स्वस्त हॅमरची तुलना त्या आकड्याशी करता येते.

त्यानंतर यंत्र चालवून दाखवायला सांगावे आणि ते फिरत असताना मागच्या जाळीतून कार्बनकडे, म्हणजे मोटारच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणाऱ्या कांड्यांकडे, पाहावे. कार्बनपाशी बारीक निळसर ठिणग्या दिसणे स्वाभाविक आहे. पण नारिंगी ठिणग्यांचे कडे आर्मेचरभोवती (मोटारच्या त्या फिरत्या भागाभोवती) फिरताना दिसले, तर ते यंत्र घेऊ नये. बटण सोडल्यावर थांबतानाचा आवाजही ऐकावा, कारण मोटारच्या आवाजात दडलेली बेअरिंगची खरखर तेव्हाच कानावर येते. मग प्लग काढून ग्राइंडरचा स्पिंडल (डिस्क बसते तो दांडा) बोटांनी आडवा हलवून पाहावा. त्यात खेळ जाणवता कामा नये. कटिंग डिस्क घेताना तिच्या मधल्या धातूच्या कड्यावर छापलेली मुदत पाहावी, कारण रेझिनने बांधलेली डिस्क जुनी झाली की फुटू शकते. तिच्यावरचा कमाल वेग ग्राइंडरच्या वेगापेक्षा कमी असेल, तर ती फुकट मिळाली तरी लावू नये.

माझ्या मते देशाच्या नावापेक्षा सुट्या भागांची चौकशी अधिक मोलाची आहे. कार्बन, स्विच आणि आर्मेचर पुण्यात कोणाकडे आणि काय भावाने मिळते, हे खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे. आर्मेचरची किंमत यंत्राच्या निम्म्याच्या वर जात असेल, किंवा ‘जळाले तर रिवाइंडिंग (नवी तार गुंडाळणे) करून घ्या’ असे उत्तर मिळाले, तर त्या यंत्राची स्वस्ताई पहिल्या दुरुस्तीपर्यंतचीच आहे. मोठ्या कंपन्यांच्या नेमप्लेटवरील मॉडेल क्रमांकावरून भागांची सचित्र यादी त्यांच्या संकेतस्थळावर उघडते, ही सोय बिननावाच्या मालाला नसते.

मूळ देशाचा खरा फटका बसतो तो परदेशातून कोणी आणलेल्या यंत्राच्या बाबतीत. अमेरिकेतला भाचा हौसेने आणतो ते वायरचे ड्रिल १२० व्होल्टवर चालणारे असते; ते आपल्या २३० व्होल्टवर थेट लावले तर काही क्षणांत जळते. बॅटरीवरच्या ड्रिलला ही अडचण नाही, पण त्याच्या चार्जरवर कोणते व्होल्ट लिहिले आहेत ते आधी वाचावे. सुटी लिथियम बॅटरी विमानात केबिनच्या सामानातच आणावी लागते. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांची बॅटरी ९० वॉट-तासांची होते, म्हणजे विमानातल्या १०० वॉट-तासांच्या मर्यादेत बसते. अमेरिकेतल्या ‘२० व्होल्ट मॅक्स’ या आकड्याने मात्र हुरळून जाऊ नये. पाच सेलांची तीच बॅटरी इतरत्र १८ व्होल्टची म्हणून विकली जाते. शिवाय परदेशातल्या खरेदीची वॉरंटी पुण्यातल्या सर्व्हिस सेंटरमध्ये चालेलच असे नाही.

जुन्या बाजारातून जुने यंत्र घेण्यास हरकत नाही, पण तेथे नेमप्लेट खरवडलेली किंवा बाहेरचे स्क्रू झिजलेले यंत्र टाळावे, आणि कार्बनची टोपी काढून कार्बन किती उरला आहे ते विक्रेत्यासमोरच पाहावे. नवे यंत्र घेताना पक्के बिल मागून त्यावर अनुक्रमांक लिहून घ्यावा. वॉरंटीसाठी गेल्यावर सर्व्हिस सेंटर आधी तोच मागते.