शिवजन्मतिथी आणि दोन उलटवण्या
मराठी विकिपीडियावर शिवजन्माची तारीख मी १९ फेब्रुवारी १६३० अशी लिहिली. एका सदस्याने ती उलटवून ६ एप्रिल १६२७ केली आणि मीही संपादन सारांशात (बदलासोबत लिहायच्या छोट्या टिपेत) ‘चूक’ एवढाच उद्धट शेरा मारून ती परत उलटवली. माझ्या वाक्याला संदर्भच नव्हता, हे नंतर ध्यानात आले. मग लेखाला हात न लावता चर्चा पानावर जेधे शकावलीतील (जेधे घराण्याकडील तिथीवार घटनांच्या नोंदींतील) फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजेच १९ फेब्रुवारी १६३०, ही नोंद पृष्ठक्रमांकासह मांडली, शेऱ्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि त्यांचा आधार विचारला. त्यांनी बखरीचा हवाला दिला. बखर उत्तरकालीन असली तरी १६२७ चे मत दीर्घकाळ प्रचलित होते. म्हणून मुख्य मजकुरात शकावलीची तिथी आणि त्यापुढे जुनी तिथी, दोन्ही ससंदर्भ ठेवल्या.