पहिलं महायुद्ध का पेटलं हे समजून घ्यायचंय? मग जुलै १९१४ तासातासाने वाचा

पहिल्या महायुद्धाची कारणं विचारली की साम्राज्यवाद, राष्ट्रवाद, लष्करवाद आणि गुप्त करार ही चार नावं लगेच येतात. चारही खरी आहेत, पेपरात लिहिली तर मार्कही मिळतात, पण युद्ध १९१४ लाच का झालं हे त्यातून अजिबात कळत नाही. कारण ही चारही १९०५ आणि १९११ ला मोरोक्कोवरून भांडण झालं तेव्हा होती, १९०८ ला ऑस्ट्रियाने बोस्निया गिळला तेव्हा होती, १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांतही होती, आणि तरी दर वेळी मोठं युद्ध टळलं. म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की आधी त्या उन्हाळ्यातले दिवस वाचा, कारणांची यादी नंतर करा.

एक मोठा कागद घ्या, एक्सेल शीट असेल तरी चालेल. सहा कॉलम करा: व्हिएन्ना (ऑस्ट्रिया), बेलग्रेड (सर्बिया), बर्लिन (जर्मनी), सेंट पीटर्सबर्ग (रशिया), पॅरिस, लंडन. डावीकडे वरून खाली तारखा टाका, २८ जून ते ४ ऑगस्ट. आणि प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी लिहा, तिथे निर्णय घेणाऱ्या माणसाने काय केलं, तेव्हा त्याला काय माहीत होतं, आणि काय माहीत नव्हतं. ही तिसरी गोष्ट कंटाळा करून सोडू नका, सगळा खेळ तिथेच आहे. अजून एक, रशियात तेव्हा जुनं कॅलेंडर होतं, १३ दिवस मागे, त्यामुळे रशियन कागदावर १७ जुलै दिसला तर तो तुमच्या टेबलमध्ये ३० जुलैला जातो.

२८ जूनची नोंद पटकन होते: बोस्नियातल्या सारायेव्होत सर्ब राष्ट्रवादी गाव्रिलो प्रिन्सिपने ऑस्ट्रियाच्या गादीचा वारस आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची बायको सोफी यांना गोळ्या घातल्या, आणि ऑस्ट्रियाने सर्बियाला जबाबदार धरलं. त्यानंतर जवळजवळ साडेतीन आठवडे कॉलम रिकामे दिसतात आणि बहुतेक लोक इथूनच थेट युद्धावर उडी मारतात, तसं करू नका. ५ आणि ६ जुलैला जर्मनीचा सम्राट कैसर विल्हेल्म आणि चॅन्सेलर (सरकारप्रमुख) बेथमान होलवेग यांनी ऑस्ट्रियाला कळवलं की तुम्ही सर्बियाचं काय करायचं ते करा, आम्ही पाठीशी आहोत, हाच तो प्रसिद्ध ब्लँक चेक. मग कैसर नॉर्वेकडे बोटीवर फिरायला गेला आणि २७ जुलैला परतला. इकडे व्हिएन्नात ऑस्ट्रियाच्याच साम्राज्यातल्या हंगेरीचा पंतप्रधान तिसा जुलैच्या मध्यापर्यंत युद्धाला तयार नव्हता, त्याला वळवण्यात दिवस गेले. आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष पॉइंकारे रशियाच्या भेटीवर होते, ते तिथून निघेपर्यंत ऑस्ट्रियाने मुद्दाम थांबून २३ जुलैला संध्याकाळी सहाला सर्बियाला ४८ तासांचा अल्टिमेटम (अटी माना नाहीतर बघा असा निर्वाणीचा इशारा) दिला, म्हणजे बातमी रशियात पोचेपर्यंत फ्रेंच नेते समुद्रावर असतील. कॉलम शेजारी शेजारी असल्याशिवाय ही वेळ साधणं लक्षातच येत नाही.

२५ जुलैला सर्बियाने बरंचसं मान्य केलं, पण तपासात ऑस्ट्रियाचे अधिकारी घेण्याची सहावी अट नाकारली. २८ जुलैला सकाळी कैसरने ते उत्तर वाचलं आणि लिहिलं की आता युद्धाला काही कारणच उरलं नाही, ऑस्ट्रियाने बेलग्रेड घेऊन तिथेच थांबावं. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने तारेने युद्ध जाहीर केलं.

इथून पुढे दिवस नको, तास लिहा. २९ ला संध्याकाळी रशियाच्या झारने पूर्ण सैन्यभरतीचा, म्हणजे सगळं सैन्य युद्धासाठी गोळा करण्याचा, हुकूम मागे घेतला, ३० ला दुपारी परराष्ट्रमंत्री साझोनोव्हने त्याला पुन्हा राजी केलं. ३० च्या पहाटे बेथमान व्हिएन्नाला मध्यस्थी स्वीकारा म्हणून तारा करतोय आणि त्याच दिवशी जर्मन सेनाप्रमुख मोल्टके तिथल्या सेनाप्रमुखाला रशियाविरुद्ध भरती करा म्हणून सांगतोय, तेव्हा बर्लिनमध्ये नक्की राज्य कोणाचं हा प्रश्न ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री बर्खटोल्डला पडला तर नवल नाही.

मोबिलायझेशन (म्हणजे हीच सैन्यभरती) हा शब्द आला की थांबा आणि तो कुठल्या देशाचा आहे ते बघा. रशिया सैन्य गोळा करून सीमेवर काही दिवस नुसता बसू शकत होता. जर्मनीच्या योजनेत मात्र ती सोयच नव्हती, कारण फ्रान्सला आधी हरवायचं म्हणून बेल्जियममधलं लिएज आणि तिथला रेल्वेमार्ग सुरुवातीच्याच दिवसांत हातात हवा होता. म्हणजे जर्मनीत भरतीचा हुकूम निघाला की राजनीतीला वेळच उरत नव्हता, आणि मला विचाराल तर पूर्ण जुलैमधली सगळ्यात भयानक गोष्ट हीच आहे.

करारांची नुसती नावं लिहू नका, अटी वाचा. इटली १८८२ पासून जर्मनी-ऑस्ट्रियाच्या गटात होता पण करार बचावासाठीचा होता, त्यामुळे तो १९१४ ला बाहेर राहिला आणि १९१५ ला उलट बाजूने उतरला. ब्रिटनवर फ्रान्ससाठी लढण्याचं कराराचं बंधन नव्हतं, बेल्जियमच्या तटस्थतेचा १८३९ चा करार मात्र होता. आणि हे तर लिहाच की जर्मनीने रशियाशी युद्ध १ ऑगस्टला जाहीर केलं, पण ज्या ऑस्ट्रियासाठी हे सगळं चाललं होतं त्याने ६ ऑगस्टला, म्हणून खाली दोन ओळी वाढवाव्या लागतील.

कागदपत्रं वाचताना सावध राहा. युद्ध सुरू झाल्यावर प्रत्येक सरकारने आपापल्या तारा निवडून छापल्या, काही छाटल्या, काही बदलल्या, म्हणून एकाच देशाच्या संग्रहावर विसंबू नका, तीच तार दुसरीकडे कशी आहे ते बघा. युद्धाची जबाबदारी जर्मनीवर टाकणारं व्हर्साय तहाचं कलम २३१ आत्ता बाजूला ठेवा, ते १९१९ चं आहे.

टेबल भरलं की प्रत्येक कॉलममध्ये लाल पेनाने खूण करा की हा माणूस शेवटचं कधी थांबू शकला असता. मी बर्लिनची खूण ५ जुलैला करतो, पीटर्सबर्गची ३० ला. लंडनची अवघड आहे. ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रेने २६ ला चार देशांच्या परिषदेचा प्रस्ताव मांडला, जर्मनीने तो नाकारला, आणि ब्रिटन बाजूला राहणार नाही हे जर्मन राजदूताला त्याने स्पष्ट सांगितलं २९ ला. उशीर केला असं म्हणणं सोपं आहे, पण त्याचं मंत्रिमंडळ २ ऑगस्टपर्यंत फुटलेलं होतं, तेव्हा खूण करायच्या आधी त्या कॉलममध्ये मंत्रिमंडळाच्या बैठकाही लिहून घ्या.