बुलेट किकला दाद देत नाही? आधी ॲमीटरचा काटा बघा

माझी १९८६ ची स्टँडर्ड ३५० खंबाटकीच्या चढावर ऐन उन्हात बंद पडायची. वीस मिनिटं सावलीत उभी केली की दुसऱ्या किकला चालू. तीनदा कार्बोरेटर धुतला, एका मिस्त्रीच्या सांगण्यावरून कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी बॅटरीचा दाब वाढवणारी) बदलली. दोष निघाला कंडेन्सरमध्ये, म्हणजे पॉइंटवर ठिणग्या उडू न देणाऱ्या छोट्या डबीत.

तेव्हापासून पाना हातात घ्यायच्या आधी मी हेडलाइटवरचा ॲमीटर (बॅटरीत करंट येतोय की जातोय ते दाखवणारा) बघतो. (हे जुन्या, पॉइंटवाल्या बुलेटसाठी. पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी मिटती-उघडती जोडी. सीडीआयवाल्यांनी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशनवाल्यांनी, पुढं वाचलं तरी उपयोग नाही.)

गाडी न्यूट्रलला, लाइट बंद, चावी चालू. आता किक हळूहळू दाबत न्या, चार-पाच वेळा. पॉइंट मिटले की काटा वजाकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो.

काटा हलतच नसेल तर हॉर्न दाबा. तोही मुका असेल तर बॅटरीची टर्मिनल आणि फ्यूज बघा. हॉर्न खणखणीत वाजतोय? मग कॉइलच्या वायरी सैल आहेत, नाहीतर पॉइंटवर तेल-काजळी बसलीय. बारीक पॉलिश पेपर फिरवा आणि मग कोरा कागद पॉइंटमध्ये धरून ओढा. कागद काळा निघायचा थांबेपर्यंत ओढायचा.

काटा वजालाच चिकटून बसला तर पॉइंट उघडत नाहीत. त्यांची फायबरची टाच झिजते आणि गॅप मिटत जातो. पॉइंट जास्तीत जास्त उघडतील तिथं इंजिन थांबवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला : ०.३५ ते ०.४० मिमी. गॅप बरोबर असूनही काटा हटत नसेल तर कंडेन्सर शॉर्ट आहे, किंवा पॉइंटची वायर कुठंतरी बॉडीला टेकलीय.

काटा छान डुलतोय, तरी गाडी मुकीच? प्लग काढा. कोरडा असेल तर दोष पेट्रोलचा, आपला विषय संपला. ओला असेल तर पुसून कॅपला लावा, हेडच्या पंख्यांवर टेकवा आणि किक मारा. प्लगचं भोक चिंधीनं झाका, पेट्रोलची वाफ तिथून बाहेर येते. निळी, चटकन वाजणारी ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी दिसली तर आधी नवा प्लग, मग कॅप. तरी तीच रड असेल तर पॉइंटचं झाकण काढून अंधारात किक मारायला लावा. पॉइंटमध्येच जाड ठिणग्या उडत असतील, एकावर खड्डा आणि समोरच्यावर टेकाड दिसत असेल, तर कंडेन्सर गेला. कॉइलला मी सगळ्यात शेवटी हात लावतो, कारण ती महाग.

गरम झाल्यावर येणारा दोष घरी, थंड गाडीवर सापडत नाही. म्हणून प्लगपाना, एक प्लग आणि एक कंडेन्सर टूलबॉक्समध्ये ठेवा, आणि बंद पडली की तिथल्या तिथं, इंजिन तापलेलं असतानाच ठिणगी बघा.

आणि मध्येच चहाला गेलात तर चावी बंद करून जा. पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल तापत राहते आणि बॅटरी उतरते. मी एकदा कटिंग पिऊन परत आलो तर हॉर्नसुद्धा वाजेना.