१२ व्होल्ट बॅटरीचा करंट मोजणारा डिफरन्शियल ॲम्प्लिफायर: झिरो जागेवर कसा ठेवायचा

सोलर पॅनेल, १२ व्होल्टची बॅटरी आणि अर्डुइनो एवढं जमलं की कधी ना कधी करंट मोजायची हौस येतेच, मग नेटवरचं ते चार रेझिस्टर आणि एका ऑपॅम्पचं (दोन इनपुटमधला फरक वाढवणारी चिप) सर्किट ब्रेडबोर्डवर चढतं. चालतं पण. फक्त दुपारी बॅटरी १४ व्होल्टच्या वर गेली की लोड बंद असताना पण करंट दाखवतं आणि रात्री आकडा वेगळाच. मग लोक ऑपॅम्प बदलत बसतात. माझं मत विचाराल तर ऑपॅम्पचा यात फारसा दोष नसतो, गडबड त्या चार रेझिस्टरच्या रेशोत असते.

सर्किट असं धरू. बॅटरीच्या प्लस लाइनमध्ये ०.१ ओहमचा शंट (ज्याच्यावर पडणाऱ्या व्होल्टेजवरून करंट कळतो तो छोटा रेझिस्टर), करंट जास्तीत जास्त २ अँपिअर, चार्ज आणि डिस्चार्ज दोन्ही. म्हणजे शंटवर २०० मिलिव्होल्ट आणि ०.४ वॅटची उष्णता, त्यामुळे शंट २ वॅटचा घ्या, अर्ध्या वॅटचा तापून स्वतःची व्हॅल्यूच बदलतो. शंटच्या एका टोकापासून १० के (किलोओहम) मायनस पिनला आणि तिथून ३० के आउटपुटला. दुसऱ्या टोकापासून १० के प्लस पिनला आणि तिथून ३० के रेफरन्सला, म्हणजे करंट शून्य असताना आउटपुट ज्या व्होल्टेजवर थांबायला हवं तिथे. गेन ३, म्हणजे शंटवरचं व्होल्टेज तिप्पट होऊन बाहेर येतं. ऑपॅम्प साधा एलएम३५८, सप्लाय बॅटरीवरूनच.

गेन एवढा कमी का, असं वाटेल. एलएम३५८ चे इनपुट ग्राउंडपर्यंत खाली जातात पण वर सप्लायपेक्षा दीड व्होल्ट खालीच थांबावं लागतं, गरम झाला तर २ व्होल्ट धरा. गेन २० ठेवून रेफरन्स ग्राउंडला जोडला तर प्लस पिनवर ११.४ व्होल्ट येतात आणि १२ व्होल्ट सप्लायवर लिमिट आहे १०.५, म्हणजे सर्किट आधीच हद्दीबाहेर. गेन ३ आणि रेफरन्स २.५ व्होल्ट ठेवला तर पिनवर साधारण ९.६ येतात, हे चालतं.

रेफरन्स २.५ व्होल्टवर उचलायचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे आणि ते फार कमी ठिकाणी सांगितलेलं असतं. मायनस पिन ९ च्या आसपास आणि आउटपुट शून्याजवळ असेल तर ३० के मधून पाव ते एक तृतीयांश मिलिअँपिअर उलटा ऑपॅम्पच्या आउटपुटमध्ये शिरतो, आणि एलएम३५८ शून्याजवळ जेमतेम काही दहा मायक्रोअँपिअर खेचू शकतो. त्यामुळे आउटपुट ०.६ व्होल्टच्या आसपास अडकून बसतं आणि आपण कोड तपासत राहतो. २.५ व्होल्टला ही भानगडच नाही, वर चार्ज आणि डिस्चार्ज दोन्ही दिसतात.

पण हे २.५ व्होल्ट अर्डुइनोच्या ५ व्होल्टवरून दोन १० के चा डिव्हायडर करून थेट लावू नका. त्या डिव्हायडरचा ५ के त्या ३० के मध्ये मिळतो, म्हणजे रेशो गेलाच. एलएम३५८ मध्ये दुसरा ऑपॅम्प रिकामा पडलेलाच असतो, त्याचा बफर करा, म्हणजे डिव्हायडर त्याच्या प्लस पिनला, आउटपुट त्याच्याच मायनस पिनला, आणि रेफरन्स त्या आउटपुटवरून.

आता मुख्य गोष्ट. चारही रेझिस्टर १ टक्क्याचे असले आणि नशीब अगदीच वाईट असलं तर सीएमआरआर (दोन्ही इनपुटवरचं सारखं व्होल्टेज सर्किट किती पट दाबतं तो आकडा) येतो (१ + गेन) भागिले (४ × टॉलरन्स), म्हणजे इथे ४ भागिले ०.०४, फक्त १००. ४० डीबी. बॅटरी १२ वर आणि रेफरन्स २.५ वर, फरक ९.५ व्होल्ट, त्याचा शंभरावा भाग ९५ मिलिव्होल्ट शंटवर असल्यासारखा दिसतो. म्हणजे जवळपास १ अँपिअर, करंट शून्य असताना! बरं, तेवढं कोडमध्ये वजा करू म्हणाल तर बॅटरी ११.५ वरून १४.४ ला गेली की तोच एरर आणखी ०.२९ अँपिअरने सरकतो. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये झिरो वजा करून हा प्रश्न सुटत नाही, तराजूची दांडीच वाकडी असेल तर पासंग ठेवून किती दिवस चालवणार.

०.१ टक्क्याचे मिळाले तर उत्तम, एरर दहापट कमी. नाही मिळाले तर लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत १ टक्का मेटल फिल्मची एकच अख्खी पट्टी घ्या, सगळे १० के चे, आणि ३० के च्या जागी तीन सिरीजमध्ये लावा. एकाच पट्टीतले सहसा एकमेकांच्या जवळ असतात आणि तापले तरी साधारण सोबतच सरकतात. प्लस बाजूच्या तीनपैकी एकाच्या जागी ९.१ के आणि २ के चा मल्टिटर्न प्रीसेट टाका. मग शंटकडची दोन्ही टोकं एकत्र शॉर्ट करून बेंच सप्लायच्या प्लसला लावा, ऑपॅम्प पण त्याच सप्लायवर, सप्लाय ११ ते १४.४ फिरवत रहा आणि आउटपुट हलायचं थांबेपर्यंत प्रीसेट फिरवा. आउटपुट बरोबर २.५ नसेल तर नसू दे, फक्त हललं नाही पाहिजे. उरलेला ऑपॅम्पचा ऑफसेट स्थिर असतो, वाईटात वाईट ७ मिलिव्होल्ट गुणिले ४, तो मात्र खुशाल कोडमध्ये वजा करा.

ऑसिलेशनचं, म्हणजे आउटपुट आपोआप थरथरत राहण्याचं, थोडक्यात. अर्डुइनोच्या एडीसी (व्होल्टेज मोजणाऱ्या) पिनवर १०० नॅनोफॅरड लावायचा असेल तर आधी १ के सिरीजमध्ये टाका, कारण कपॅसिटर थेट आउटपुटवर बसला की एलएम३५८ बिथरतो, युनिटी गेनला डेटाशीट फक्त ५० पिकोफॅरडची हमी देते. फॉल्टमध्ये आउटपुट १० व्होल्टच्या वरही जाऊ शकतं, तेव्हा हाच १ के आणि एक क्लॅम्प डायोड (जास्तीचं व्होल्टेज अडवणारा) एडीसीला वाचवतो. बॅटरीचा करंट वाचवायला १०० के आणि ३०० के वापरायचा मोह टाळा, पिनवरचे १० पिकोफॅरड धरले तर पोल (जिथून सिग्नल मागे पडायला लागतो ती फ्रिक्वेन्सी) २१२ किलोहर्ट्झला येतो आणि १ मेगाहर्ट्झच्या ऑपॅम्पचा लूप तिथेच २५० च्या आसपास संपतो, फेज मार्जिनची, म्हणजे ऑसिलेशनपासून राखलेल्या अंतराची, वाट लागते. पीडब्ल्यूएमचा (झपाट्याने चालू-बंद होणाऱ्या करंटचा) रिपल गाळायला ३० के ला समांतर १ नॅनोफॅरड लावला तर दोन्ही बाजूंना लावा, सारखेच, सी०जी प्रकारचे (तापमानाने व्हॅल्यू जवळपास न बदलणारे सिरॅमिक). पिन ८ आणि ४ च्या अगदी शेजारी १०० नॅनोफॅरड तर हवाच.

आणि शंटच्या सेन्स वायर शंटच्याच पायांवर सोल्डर करा, जाड वायरच्या दुसऱ्या टोकाला नाही. १ चौरस मिलिमीटर तांब्याची ३० सेंटिमीटर वायर म्हणजे ५ मिलिओहम, ०.१ ओहमच्या शंटला सरळ ५ टक्के.