हिस्ट्रिऑनिक व्यक्तिमत्त्व विकार : ओळख आणि उपचार

‘त्याची नाटके सुरू झाली’ असे घरात एकदा ठरून गेले, की त्या माणसाच्या रडण्याकडे, चिडण्याकडे आणि दुखण्याकडेही कुणी नीट पाहत नाही. भावनांचे अतिरंजित प्रदर्शन आणि सतत लक्ष वेधून घेण्याची ओढ ही वागण्याची कायमची रीत होऊन बसते, तो हिस्ट्रिऑनिक व्यक्तिमत्त्व विकार. तो समजून घेताना पहिली अडचण ‘नाटके’ या शब्दाचीच येते, कारण विकाराचे नावच मुळी ‘नट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. नटाला आपण अभिनय करीत आहोत हे ठाऊक असते. या विकारातील व्यक्तीला मात्र त्या क्षणी ती भावना बहुधा खरोखरच तेवढी मोठी वाटत असते. म्हणूनच ती व्यक्ती मुद्दाम सोंग करीत आहे असे धरून केलेली समजूत किंवा कानउघाडणी सहसा वाया जाते. ‘हिस्टेरिया’ या शब्दाशी नावाचे साम्य दिसते, पण तो शब्द गर्भाशय या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेला आहे. त्याच्यामागोमाग आलेला ‘हा बायकांचा आजार’ हा समज अजूनही निदानात डोकावतो, तेव्हा पुरुषांतील हीच लक्षणे नजरेआड होणार नाहीत याची काळजी घ्यावी लागते.

अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदानासाठीच्या नियमावलीत आठ लक्षणे दिली आहेत. त्यांपैकी किमान पाच असावी लागतात, आणि ती तारुण्याच्या सुरुवातीपासून घरी, कामावर, मैत्रीत सातत्याने दिसावी लागतात. आपण केंद्रस्थानी नसलो की अस्वस्थ होणे. प्रसंगाला न शोभणारे, लैंगिक सूचकतेचे वागणे. झपाट्याने बदलणाऱ्या, उथळ भासणाऱ्या भावना. लक्ष वेधण्यासाठी रूपाचा आणि पेहरावाचा सतत वापर. ठसकेबाज पण तपशील नसलेले बोलणे. भावनांचे अतिरंजित प्रदर्शन. दुसऱ्याच्या बोलण्याने चटकन प्रभावित होणे. आणि नाती प्रत्यक्षात असतात त्यापेक्षा जवळची मानणे, अशी ती आठ लक्षणे आहेत. हौसेने नटणारा किंवा चारचौघांत उठून दिसणारा माणूस यात बसत नाही. स्वभावामुळे नाती तुटू लागली, काम सुटू लागले किंवा त्या व्यक्तीलाच त्याचा त्रास होऊ लागला, तरच विकाराचा विचार करावा.

या आठांपैकी उपचाराच्या दृष्टीने मला सर्वांत उपयोगी वाटते ते बोलण्याविषयीचे लक्षण. ‘आमचे साहेब म्हणजे देवमाणूस’ असे ती व्यक्ती ठामपणे सांगते. पण ते नेमके काय करतात असे विचारले, की ‘अहो, ते आहेतच तसे’ यापलीकडे उत्तर येत नाही. मत तपशिलावर उभे नसल्यामुळे ते उद्या तितक्याच सहज उलटते आणि तेच साहेब राक्षस ठरतात. स्वतःच्या भावनांबाबतही हेच घडते : ‘मी उद्ध्वस्त झाले’ हे शब्द सापडतात, पण त्यामागे अपमान होता, भीती होती की एकटेपणा, हे सांगता येत नाही.

निदान घरी बसून किंवा एका भांडणावरून करू नये. उन्माद आणि नैराश्य यांचे झोके येणाऱ्या द्विध्रुवीय (बायपोलर) विकारातील उन्मादाच्या काळात माणूस असाच भडक वागतो, पण तो काळ येतो आणि ओसरतो. व्यक्तिमत्त्व विकारात ही वागण्याची कायमची रीत असते. बॉर्डरलाइन विकारात स्वतःला इजा करणे, तीव्र राग आणि आतली पोकळी ठळक असते, तर नार्सिसिस्टिक विकारात श्रेष्ठत्वाची दाद हवी असते. हिस्ट्रिऑनिक व्यक्तीला लक्ष मिळणार असेल तर दुबळे दिसायलाही फारशी हरकत नसते. हे विकार एकत्रही आढळतात. एखाद्याचा स्वभाव उतारवयात किंवा आजारपणानंतर एकाएकी पालटला असेल, तर आधी मेंदूची आणि शरीराची तपासणी करून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या वर्गीकरणात हे स्वतंत्र नाव उरलेले नाही; तिथे व्यक्तिमत्त्व विकाराची तीव्रता आणि ठळक स्वभावगुण नोंदवले जातात. तेव्हा अहवालात हे नाव दिसले नाही म्हणून गोंधळून जाऊ नये.

‘माझ्या स्वभावावर उपचार करा’ असे म्हणत फार थोडे लोक येतात. नाते तुटल्यानंतरचे नैराश्य, चिंता किंवा तपासण्यांत कारण न सापडणारी शारीरिक दुखणी हेच बहुधा निमित्त असते. नातेवाइकांनीही तेच निमित्त धरावे. ‘तुला विकार आहे’ असे म्हणण्यापेक्षा ‘तुला झोप लागत नाही, आपण कुणाला तरी भेटू’ हे वाक्य अधिक उपयोगी पडते.

मुख्य उपचार म्हणजे मानसोपचार, अर्थात तज्ज्ञाबरोबर नियमित, दीर्घकाळ चालणारी बोलणी. मनोगतिक (नकळत मनात दडलेल्या कारणांचा शोध घेणारी), आधारात्मक (धीर आणि आधार देणारी) आणि विचार-वर्तनावर आधारित अशा पद्धती वापरल्या जातात. मात्र या विकारावर संशोधन मोजकेच झाले असल्याने अमुक एकच पद्धत श्रेष्ठ असे सांगता येत नाही. कामाचे स्वरूप मात्र बरेचसे सारखे असते. एखादा प्रसंग घेऊन ‘आधी काय झाले, कोण काय म्हणाले, तेव्हा मनात काय आले, मग तुम्ही काय केले’ असा तो संथपणे उलगडला जातो, भावनेला नेमके नाव दिले जाते, आणि जे हवे आहे ते, प्रसंग उभा न करता, शब्दांत मागण्याचा सराव होतो. ‘आज मला तुझा अर्धा तास हवा आहे’ हे वाक्य ऐकायला साधे असले, तरी ज्याला आजवर आजारी पडल्यावरच वेळ मिळाला त्याला ते फार जड जाते.

सुरुवातीची झपाट्याची प्रगती पाहून हुरळून जाऊ नये. ही व्यक्ती सहज प्रभावित होत असल्यामुळे तज्ज्ञाला आवडेल तेच बोलण्याची, त्याला देव मानण्याची आणि पुढे कंटाळून उपचार सोडण्याची शक्यता असते. त्यासाठी भेटीची वेळ, भेटींमधील फोन आणि भेटवस्तू यांबाबतचे नियम पहिल्याच भेटीत ठरलेले बरे.

या विकारासाठी म्हणून मान्यता मिळालेले औषध नाही. सोबत नैराश्य किंवा चिंता असेल, तर मनोविकारतज्ज्ञ त्यावर औषध देतात. ते स्वतःहून सुरू किंवा बंद करू नये.

घरच्यांनी सर्वांत मोठा बदल करायचा तो लक्ष देण्याच्या वेळेत. वादळ उठले की सगळे घर धावते आणि शांत दिवशी कुणी विचारपूस करत नाही, असा क्रम असेल, तर वादळच फायद्याचे ठरते. म्हणून साध्या दिवशी आपणहून शेजारी बसावे, आणि आरडाओरड्याच्या वेळी ‘तुला त्रास होतो आहे हे मला दिसते, आवाज खाली आला की आपण बोलू’ एवढे सांगून थांबावे. सुरुवातीला प्रदर्शन वाढण्याची शक्यता असते. अशा वेळी एकाने ठाम राहायचे आणि दुसऱ्याने गुपचूप मान तुकवायची, हा प्रकार टाळावा.

याला एक अपवाद आहे. आत्महत्येची भाषा कितीही वेळा ऐकलेली असली, तरी ती ‘लक्ष वेधण्यासाठी’ म्हणून सोडून देऊ नये. थेट विचारावे, व्यक्तीला एकटे ठेवू नये, औषधे आणि धारदार वस्तू दूर कराव्यात आणि त्याच वेळी डॉक्टरांशी किंवा आपत्कालीन सेवेशी संपर्क साधावा.